पाणथरी काढल्यावर तापाचं काय करायचं?

पत्र:

नमस्कार डॉक्टर. मी कांदिवलीला राहते. माझी मुलगी २६ वर्षांची आहे, अंधेरीला नोकरी करते. तीन वर्षांपूर्वी तिच्या पायांवर लाल ठिपके उठले, हिरड्यांतून रक्त यायला लागलं. तपासलं तर प्लेटलेट ९,०००. आयटीपी निघालं, म्हणजे शरीर स्वतःच्याच प्लेटलेट मारतं तो आजार. स्टेरॉइडने प्लेटलेट वाढायच्या, डोस उतरवला की परत खाली. चेहरा सुजला, वजन वाढलं, शुगर वर गेली. गेलं वर्षभर एल्ट्रोम्बोपॅगची, प्लेटलेट वाढवणारी गोळी चालू आहे. प्लेटलेट ६० ते ७० हजारांत राहतात, त्यापुढे काही जात नाहीत, आणि गोळीचा खर्च आता झेपत नाही. डॉक्टर म्हणतात, पाणथरी (प्लीहा) काढण्याचा विचार करा. सासूबाई म्हणतात, देवाने अवयव उगाच दिलाय का? दीर म्हणतात, लग्नाआधी उरकून टाका, कुणाला कळणारही नाही. समोरच्या बिल्डिंगमधल्या एका काकांची वीस वर्षांपूर्वी अपघातानंतर काढली होती, ते ठणठणीत आहेत. मुलगी म्हणते, "आई, तूच ठरव." काय करू?
– एक आई

उत्तर:

ताई, "त्यापुढे काही जात नाहीत" असं तुम्ही लिहिलंय, तिथूनच सुरुवात करते. लॅबच्या कागदावर दीड लाख ते साडेचार लाख ही नेहमीची मर्यादा छापलेली असते आणि तुमचा जीव त्या दीड लाखात अडकलाय. आयटीपीमध्ये आपण दीड लाखाच्या मागे लागत नाही. रक्तस्राव होऊ नये एवढंच बघतो. ३० हजारांच्या वर प्लेटलेट आहेत आणि कुठूनही रक्त येत नाही, अशा अनेक रुग्णांना आम्ही औषधही देत नाही, नुसतं लक्ष ठेवतो. तुमच्या मुलीचे ६०-७० हजार म्हणजे गोळी हरली असं नाही, ती नीट काम करतेय. तेव्हा ऑपरेशन हा प्रश्न आहे, पण तो उद्या सकाळचा नाही. तुमच्याकडे विचाराला वेळ आहे, आणि या विषयात वेळ असणं ही फार मोठी सोय आहे. का, ते पुढे लशींपाशी कळेल.

आता सासूबाईंचा प्रश्न. त्यांचं बरोबर आहे, पाणथरी उगाच दिलेली नाही. डाव्या बरगड्यांच्या आड, मुठीएवढा, साधारण दीडशे ते दोनशे ग्रॅमचा हा अवयव. म्हाताऱ्या झालेल्या लाल पेशी तो रक्तातून काढून टाकतो, शरीरातल्या प्लेटलेटपैकी जवळपास एक तृतीयांश साठवून ठेवतो, आणि काही ठरावीक जंतूंना रक्तातच पकडतो. आयटीपीत शरीर स्वतःच्याच प्लेटलेटवर अँटिबॉडीची खूण करतं, आणि अशा खूण केलेल्या प्लेटलेट पाणथरीतल्या पेशी गिळून टाकतात. त्या अँटिबॉडी बनवण्यातही पाणथरीचा वाटा असतो. म्हणून ती काढली की प्लेटलेट वाढतात. ही कल्पना १९१६ साली प्रागमध्ये पॉल काझ्नेल्सन नावाच्या वैद्यकीय विद्यार्थ्याने आपल्या प्राध्यापकांना सुचवली, त्यांनी ऐकलं आणि रुग्णाच्या प्लेटलेट भराभर चढल्या. (विद्यार्थ्याचं ऐकणारे प्राध्यापक तेव्हाही विरळाच असणार.) शंभर वर्षांत कितीतरी नवी औषधं आली, तरी एकदाच करून वर्षानुवर्षं टिकणारा परिणाम देण्यात हे ऑपरेशन अजून पुढेच आहे.

किती पुढे? शंभर रुग्णांचं ऑपरेशन केलं तर साधारण ऐंशी जणांच्या प्लेटलेट सुरुवातीला वाढतात. त्यातल्या काहींच्या परत घसरतात, बहुतेकदा पहिल्या दोनेक वर्षांत. पाच वर्षांनी बघितलं तर साठ ते पासष्ट जण औषधाशिवाय ठीक असतात. रिटुक्सिमॅब नावाचं इंजेक्शन आहे, त्याचा पाच वर्षं टिकणारा परिणाम वीस-पंचवीस टक्क्यांतच दिसतो, हे तुलनेसाठी. वय कमी असेल तर ऑपरेशनचा गुण जास्त येतो, म्हणजे २६ हे वय तिच्या बाजूने आहे. पण तुमच्याच मुलीला नक्की गुण येईल की नाही, हे आधी सांगणारी भरवशाची तपासणी नाही. शंभरातल्या पस्तीस-चाळीस जणांना पाणथरीही जाते आणि गोळ्याही राहतात. होकार देताना ही शक्यता घरात मोठ्याने बोलून घ्या. नंतर "आम्हाला कुणी सांगितलंच नाही" असं म्हणायची पाळी येऊ नये.

एक गोष्ट मात्र ऑपरेशनच्या आधी डॉक्टरांना जरूर विचारा: निदान पुन्हा एकदा तपासून घेतलंय का? आयटीपी हे बाकी कारणं वगळून केलेलं निदान असतं. एचआयव्ही, हिपॅटायटिस सी, हाडाच्या मगजातले दोष, जन्मजात कमी प्लेटलेट असलेली घराणी, ही कारणं असतील तर इलाजाची वाट वेगळी असते. स्टेरॉइडने तिच्या प्लेटलेट वाढल्या, त्यामुळे निदान बरोबरच असावं. तरी अवयव काढण्यापूर्वी फाइल एकदा पहिल्या पानापासून वाचली जावी.

प्रत्यक्ष ऑपरेशनची भीती मात्र तुम्ही समजता त्याहून कमी आहे. आयटीपीत पाणथरी सहसा फुगलेली नसते, त्यामुळे दुर्बिणीने, तीन-चार छोट्या छिद्रांतून काम होतं. पाणथरी पोटातच पिशवीत घालून, तुकडे करून बाहेर काढतात. दोन-तीन दिवसांत घरी, काही आठवड्यांत ऑफिस. प्लेटलेट ५० हजारांच्या वर असलेल्या बऱ्या, कमी असतील तर आधी स्टेरॉइड किंवा इम्युनोग्लोब्युलिन (शिरेतून दिलेल्या तयार अँटिबॉडी) देऊन वाढवतात. प्लेटलेटच्या बाटल्या आधीच चढवून उपयोग नसतो, कारण पाणथरी त्याही गिळते, म्हणून त्या तयार ठेवून पाणथरीची रक्तवाहिनी बांधल्यावर गरजेप्रमाणे देतात. क्वचित रक्तस्राव आवरला नाही तर पोट उघडावं लागतं, त्याची सही तुमच्याकडून आधीच घेतील, घाबरू नका. दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये मृत्यूचं प्रमाण हजारात दोनच्या आसपास आहे, पोट उघडून केलेल्यात शंभरात एक. गुंतागुंत दहातल्या एकाला होते: रक्तस्राव, डाव्या फुफ्फुसाच्या तळाला न्यूमोनिया, स्वादुपिंडाच्या शेपटीला इजा, पाणथरीच्या रिकाम्या जागी पू. सर्जनला एवढं विचारा, की तुम्ही हे ऑपरेशन नेहमी करता का, आणि जास्तीच्या छोट्या पाणथऱ्या शोधाल ना? दहातल्या एक-दोन माणसांना मूळ पाणथरीजवळ अशी सुपारीएवढी एखादी पिल्लू पाणथरी असते. ती आत राहिली तर पुढे वाढून तेच काम सुरू करते आणि प्लेटलेट परत पडतात.

घरी आल्यावरच्या पहिल्या काही आठवड्यांत एक उलटी गंमत होते. इतकी वर्षं कमी प्लेटलेटला घाबरलेलं घर आता पाच-सहा लाखांचा रिपोर्ट बघून पेढे वाटतं. प्लेटलेट अशा उसळतात तेव्हा रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका असतो, विशेषतः यकृताकडे जाणाऱ्या पोर्टल शिरेत. पोटात दुखणं, उलट्या, अंगात बारीक ताप, भूक मरणं, असं काही झालं तर "ऑपरेशनचं दुखणं असेल" म्हणून बसू नका, सोनोग्राफी करून घ्या. एका पायाची पोटरी सुजली तरीही तसंच. गुठळीचा थोडा जास्तीचा धोका पुढेही राहतो. म्हणून लांबचा प्रवास, दुसरं ऑपरेशन, इस्ट्रोजन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या, या तिन्हींच्या आधी डॉक्टरांना पाणथरी नसल्याचं सांगायचं.

आणि आता जिथे तुम्हाला मुद्दाम थांबवायचं आहे तो भाग. तुमच्या पत्रात ऑपरेशनविषयी सगळं आहे, तापाविषयी एक शब्द नाही.

पाणथरी ज्या जंतूंना पकडते त्यांच्या अंगावर साखरेच्या जातीचं बुळबुळीत कवच असतं. न्यूमोकोकस, मेनिंगोकोकस, हिमोफिलस इन्फ्लुएंझा बी ही त्यातली मुख्य नावं. पाणथरी नसलेल्या माणसाच्या रक्तात हे शिरले तर त्यांना अडवणारं फारसं कुणी उरत नाही. सकाळी थोडी कणकण, अंग मोडून येणं, दुपारी हुडहुडी, रात्री रक्तदाब कोसळलेला, असा प्रवास चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांत होऊ शकतो. डॉक्टर याला ओपीएसआय म्हणतात. १९५२ साली किंग आणि शूमाकर या अमेरिकन सर्जननी पाणथरी काढलेल्या तान्ह्या बाळांमध्ये हे पहिल्यांदा नीट नोंदवलं, तोवर पाणथरी नसली तरी चालतं असाच समज होता. मोठ्या माणसांत हे प्रमाण कमी असतं, वर्षाला हजारात दोन-चार. आयटीपीत तर थॅलेसेमिया किंवा लिम्फोमाच्या मानाने आणखी कमी. पण झालं तर निम्म्यापर्यंत रुग्ण दगावू शकतात. पहिली दोन-तीन वर्षं जास्त जोखमीची, पण धोका जन्मभर राहतो. वीस वर्षांनी झाल्याच्याही नोंदी आहेत.

म्हणजे समोरचे काका ठणठणीत आहेत यावरून काहीच सिद्ध होत नाही. अपघातात पाणथरी फुटते तेव्हा तिचे कण पोटात सांडतात आणि कधी कधी तिथेच रुजून थोडंफार काम करतात. त्याचा त्यांना फायदा झाला असेल, किंवा नुसतं नशीब असेल. वीस वर्षांपूर्वी घाईच्या ऑपरेशननंतर त्यांना लशी मिळाल्या का, हे मात्र त्यांना विचाराच. नसतील मिळाल्या तर आजही घेता येतात.

मुंबईत हा प्रश्न आणखी अवघड होतो, कारण जून ते ऑक्टोबर या शहरात ताप ही बातमीच नसते. घरोघरी कुणीतरी फणफणलेलं असतं. आपली रीतही ठरलेली आहे: क्रोसिन घ्या, दोन दिवस बघू, नाही उतरला तर रक्त तपासू. नाक्यावरचे डॉक्टरही "व्हायरल चालू आहे सध्या" म्हणून पाठवतात, आणि शंभरातल्या नव्व्याण्णवांसाठी ते बरोबरच असतं. तुमच्या मुलीसाठी ते कायमचं चूक ठरेल. पाणथरी काढलेल्या माणसाला "दोन दिवस बघू" हे वाक्य नाही. १००.४ च्या वर ताप किंवा थंडी वाजून आली, तर घरात ठेवलेल्या अँटिबायोटिकचा पहिला डोस लगेच घ्यायचा (कोणतं आणि किती, हे तिचे डॉक्टर डिस्चार्जच्या कागदावर लिहून देतील, मागून घ्या) आणि तडक मोठ्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत पोचायचं. डोस घेतला, आता बरं वाटतंय म्हणून घरी थांबायचं नाही. दारातच सांगायचं, "माझी पाणथरी काढलेली आहे." मग ते ब्लड कल्चर (रक्तात जंतू आहेत का, ती तपासणी) घेतील आणि शिरेतून इंजेक्शन सुरू करतील. मलेरिया, डेंग्यू, लेप्टोच्या तपासण्या होऊ देत, पण त्यांच्या रिपोर्टची वाट बघत पहिलं इंजेक्शन थांबता कामा नये. दहातल्या नऊ वेळा साधा ताप निघेल, हॉस्पिटलची फेरी फुकट जाईल, बिल होईल, कुणीतरी "एवढ्याशा तापाला?" म्हणेलच. दहाव्या वेळेसाठी ते सगळं सोसायचं.

हे बोलायला सोपं आहे. कांदिवलीत रात्री दोनला, बाहेर मुसळधार पाऊस आणि सबवेत पाणी भरलेलं असताना कुठे जायचं? कोण नेईल? हे कोरड्या दिवसात ठरवून ठेवा, फोन नंबरांसह. ऑफिसातही एका मैत्रिणीला माहीत असू दे. तिच्या पाकिटात एक कार्ड असावं: पाणथरी काढलेली, कधी, कुठे, लशींच्या तारखा, कुठल्या औषधाची अ‍ॅलर्जी. लोकलमध्ये चक्कर येऊन पडली तर बोलायला ती शुद्धीवर असेलच असं नाही.

मलेरियाही अशा माणसाला जास्त जोरात धरतो, म्हणून खिडक्यांना जाळ्या, रात्री मच्छरदाणी, संध्याकाळी अंगभर कपडे. कुत्रा चावला तर रेबीजच्या इंजेक्शनांबरोबर अँटिबायोटिकही लागतं, कारण कुत्र्याच्या लाळेतला एक जंतू अशाच रुग्णांवर तुटून पडतो. खरचटलं असेल तरी हेच. खाण्यापिण्याचं मात्र वेगळं पथ्य नाही, आणि पपईच्या पानांचा रस आयटीपीवरचा इलाज नाही. तो तुम्हाला अर्ध्या नातेवाइकांनी सुचवला असेलच, म्हणून लिहिलं.

लशी. तुमच्याकडे वेळ आहे हे मी वर म्हटलं ते यासाठी. पाणथरी जागेवर असताना लस घेतली तर शरीर जास्त चांगली तयारी करतं, म्हणून सगळ्या लशी ऑपरेशनच्या निदान दोन आठवडे आधी पूर्ण व्हायला हव्यात. न्यूमोकोकसची कॉन्ज्युगेट लस आधी, तिच्यानंतर किमान आठ आठवड्यांनी २३ प्रकारांची दुसरी लस, जी पाच वर्षांनी पुन्हा घ्यावी लागते. मेनिंगोकोकसचे दोन डोस आठ आठवड्यांच्या अंतराने, मग दर पाच वर्षांनी एक. हिमोफिलसचा एक. फ्लूची दरवर्षी. हिशेब केलात तर ऑपरेशनच्या तारखेआधी अडीच-तीन महिने सुरुवात केली की सगळं आरामात बसतं. आणि रिटुक्सिमॅबचा विचार चालू असेल तर लशी त्याच्याही आधी, कारण ते इंजेक्शन घेतल्यावर सहा महिने तरी शरीर लशीला धड दाद देत नाही. प्लेटलेट कमी असतानाही लस टोचता येते, बारीक सुई वापरायची आणि नंतर ती जागा काही मिनिटं दाबून धरायची. मोठ्यांसाठी या लशी बहुतेकदा स्वतःच्या खिशातून घ्याव्या लागतात आणि त्या स्वस्त नाहीत, तेव्हा खर्चाच्या अंदाजात त्या धरा. लशी घेतल्या म्हणजे तापाचा नियम सुटला असं मात्र नाही. सगळ्या प्रकारच्या जंतूंना त्या पुरत नाहीत. काही डॉक्टर पहिली एक-दोन वर्षं रोज पेनिसिलिनची गोळीही देतात.

दिरांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. एल्ट्रोम्बोपॅग गरोदरपणात सहसा देत नाहीत. तिला पुढे मूल हवं असेल तर त्याआधी गोळीशिवाय प्लेटलेट टिकवण्याचा काही मार्ग लागेल, आणि ऑपरेशन हा त्यातला एक आहे. पाणथरी नसताना गरोदरपण आणि बाळंतपण नीट होतं. फक्त तिच्या प्लेटलेट कितीही छान असल्या तरी तिच्या रक्तातल्या अँटिबॉडी बाळाकडे जाऊ शकतात, म्हणून बाळाच्या प्लेटलेट जन्मल्यावर आणि पुढचे काही दिवस तपासायच्या, हे प्रसूतितज्ज्ञांना आणि बालरोगतज्ज्ञांना दोघांनाही माहीत हवं. पण "कुणाला कळणारही नाही" हे चालणार नाही. रात्री तिला हुडहुडी भरली तर शेजारी झोपलेल्या माणसाला कळायला नको का, की हिला आत्ताच्या आत्ता न्यायचंय? लपवलेलं ऑपरेशन नेमकं त्या रात्री तिच्या जिवावर उठेल. सांगितल्यावर जे स्थळ मागे हटेल त्याच्या घरी ती आजारी पडली नाही, हे बरंच झालं समजा.

माझं मत विचाराल तर, मी आजच तारीख घेणार नाही. आधी हिमॅटॉलॉजिस्टना (रक्तविकारतज्ज्ञांना) विचारेन की एल्ट्रोम्बोपॅग हळूहळू उतरवून बघता येईल का. काही रुग्णांच्या प्लेटलेट गोळी बंद करूनही टिकतात. मात्र हा प्रयोग घरच्या घरी करायचा नाही, गोळी एकदम थांबवली तर प्लेटलेट पूर्वीपेक्षा खाली जाऊ शकतात. डॅप्सोनसारखं स्वस्त औषध चालेल का, हेही विचारा. त्याआधी जी-६-पीडी या लाल पेशींतल्या एन्झाइमची तपासणी लागते. गोळी ती दूध, दही, कॅल्शियम यांच्यापासून चार तास दूर ठेवते का? दुधाच्या चहाबरोबर घेत असेल तर गोळीचा काही भाग वायाच चाललाय. हे सगळं करून लागलंच तर ऑपरेशन, आणि तोवर लशी सुरू. पैशांची अडचण असेल तर केईएम, सायन, नायर ही महापालिकेची रुग्णालयं आहेत. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत तुमचं काही बसतं का, हे तिथल्या आरोग्यमित्राला विचारा.

राहता राहिलं "आई, तूच ठरव." हे तुम्ही ठरवू नका. तापाचा नियम पुढची पन्नास वर्षं तिला पाळायचाय, तुम्ही प्रत्येक वेळी शेजारी नसाल. रोजची गोळी आणि महिन्याच्या तपासण्या परवडतात, की प्रत्येक तापाला हॉस्पिटल गाठणं परवडतं, हे तिच्या स्वभावावर आहे, आणि ते तिलाच माहीत. हे उत्तर तिला वाचायला द्या. पुढच्या वेळी तिला एकटीला आत जाऊ दे, प्रश्न तिनेच विचारू देत. तुम्ही तेवढी फाइल तारखेप्रमाणे लावून द्या, आमचा निम्मा वेळ ती चाळण्यातच जातो.